टायमिंगची साखळी : खूण, मोजमाप आणि खात्री

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर मोटारीच्या इंजिनाविषयी व्याख्यान, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, यांपैकी कोणत्याही गावच्या गॅरेजांवरून एक चक्कर मारून या. आपल्याच घरांतील मुले तेथे हातात पाना घेऊन उभी असलेली दिसतील. कोणाचे वडील उस्ताद आहेत, कोणाचे मामा लेथवर आहेत, कोणाचा भाऊ गाडी चालवतो. ज्या धंद्यावर आपल्या इतक्या चुली पेटतात, त्या धंद्याचा विचार शाळेच्या अंगणात व्हायला नको काय?

म्हणून आज मी एकाच कामाविषयी बोलणार आहे. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनात टायमिंगची साखळी बसवताना ज्या अडचणी येतात त्या कोणत्या, आणि त्या शोधायच्या कशा? हे काम लहान दिसते. पण उस्ताद आणि नुसता पाना फिरवणारा यांतला फरक याच कामात उघड होतो.

प्रथम ज्यांनी इंजिन उघडलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात आणि तो फिरतो. दुसरा दंड कॅमशाफ्टचा. हवा-पेट्रोल आत घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व तो उघडतो. पिस्टनचे चार स्ट्रोक पुरे व्हायला क्रँकशाफ्टला दोन फेरे लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॉल्व एकदाच उघडायचा असतो. म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा झाला पाहिजे. हा हिशेब साखळी सांभाळते. क्रँकवरच्या दातेरी चाकाला जितके दात, त्याच्या दुप्पट दात कॅमवरच्या चाकाला असतात.

सायकलची साखळी आपण सर्वांनी चढवली आहे. ती कोणत्या दातावर चढली याला तेथे महत्त्व नाही, सायकल चालतेच. इंजिनाच्या साखळीची जात तीच आहे. मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली जी बुश-रोलर साखळी काढली, तिच्याच कुळातल्या या साखळ्या आहेत. मात्र येथे कोणता दात कोणत्या दाताशी, हेच सारे काही आहे.

किती महत्त्व आहे ते हिशेबाने पाहू. समजा, लहान चाकाला २० दात आहेत आणि मोठ्याला ४०. मोठे चाक एक दात चुकले तर कॅम ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंश सरकला. कॅमचे ९ अंश म्हणजे क्रँकचे १८ अंश. पिस्टन एका जागी आणि व्हॉल्व १८ अंश मागे किंवा पुढे. कानाला इंजिन चालू वाटेल, पण चढावर त्याचा दम निघेल.

आता एक उदाहरण घेऊ. असे समजा, की एका कुटुंबाने जुनी अँबॅसिडर लग्नसराईत भाड्याने देण्यासाठी सांभाळून ठेवली आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण १४८९ सी.सी.चे तिचे जुने पेट्रोल इंजिन आजही अनेक उस्तादांच्या हाताला परिचयाचे आहे. इंजिन उतरवले, बोअर केला, नवे पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड करून आणला, टायमिंगची साखळी नवी टाकली. खर्च बराच झाला. आणि गाडी सुरू करावी तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. सुरू झाली तर कार्बोरेटरमधून फटाके. धामणगावच्या रस्त्याला करळगाव घाटात नेली तर दुसऱ्या गियरवर धापा टाकते आणि गरम होते.

अशा वेळी गॅरेजात काय होते, हे आपण जाणता. कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, पॉइंट-कंडेन्सर नवे येतात. मालकाचे पैसे जातात आणि लग्नाच्या तारखाही जातात. दोष मात्र जेथे आहे तेथेच राहतो. याला रोगाचे निदान न करता औषध बदलत राहणे म्हणतात.

मग निदान कसे करावे? पुढचे झाकण न उघडताही पुष्कळ कळते.

पहिली तपासणी इग्निशनची. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. तो बसवताना अर्धा फेरा उलटा बसला, तर ठिणगी कॉम्प्रेशनच्या वेळी न पडता दुसऱ्या स्ट्रोकला पडते. इंजिन सुरूच होत नाही, फटाके फुटतात, आणि साखळी निर्दोष असून बदनाम होते. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुलीवरची खूण झाकणावरच्या खुणेशी जुळली म्हणजे एक नंबरचा पिस्टन वर आला, एवढेच कळते. चार स्ट्रोकमध्ये तो दोनदा वर येतो. यांपैकी कॉम्प्रेशनची वेळ कोणती, हे पुली सांगू शकत नाही; ते व्हॉल्व सांगतात. एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व बंद आणि चार नंबरचे डुलत असतील, म्हणजे एक बंद होत असून दुसरा उघडत असेल, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची. चारही प्लग काढून गेज लावा. एकाच सिलिंडरचा आकडा कमी आला तर दोष त्या सिलिंडरचा, म्हणजे व्हॉल्व, रिंग किंवा गॅस्केट. पण नव्या रिंगा टाकलेल्या इंजिनात चारही आकडे सारखेच आणि सारखेच कमी आले, तर संशय कॅमच्या टायमिंगवर घ्यावा. व्हॉल्व उशिरा बंद होतात आणि आत घेतलेली हवा परत बाहेर जाते.

तिसरी तपासणी सर्वांत खात्रीची, आणि तिला फक्त डोळे व मोजपट्टी लागते. आधी टॅपेट बरोबर लावून घ्या. या इंजिनात आठ व्हॉल्व एका ओळीत आहेत, आणि त्यासाठी नऊचा नियम आहे. आठवा व्हॉल्व पूर्ण उघडला की पहिल्याचा टॅपेट लावायचा, सहावा उघडला की तिसऱ्याचा. दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी ९. मग इंजिन हाताने सुलट दिशेने सावकाश फिरवा आणि एक नंबरची जोडी डुलण्याचा क्षण पकडा. दोन्ही व्हॉल्व सारखेच किंचित उघडे असतील, तेव्हा थांबा आणि पुलीची खूण पाहा. ती झाकणावरच्या खुणेच्या जवळ असली पाहिजे. कॅमच्या घडणीमुळे दोन-चार अंशांचा फरक असू शकतो, तो दोष नव्हे. परंतु एक दात चुकला असेल तर फरक १८ अंशांचा दिसेल. पुलीचा व्यास १५ सेंटिमीटर धरला तर परिघ सुमारे ४७ सेंटिमीटर. १८ अंश म्हणजे त्याचा विसावा भाग, सुमारे २.४ सेंटिमीटर. एवढी तफावत कोणालाही दिसेल. ती दिसली तर झाकण उघडा. न दिसली तर साखळीला हात लावू नका.

झाकण उघडल्यावर काय पाहायचे?

या इंजिनात दोन्ही दातेरी चाकांवर खूण असते. दोन्ही खुणा एकमेकींसमोर, दोन्ही दंडांच्या मध्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर आल्या पाहिजेत. ती रेष डोळ्याने ठरवू नका. स्टीलची पट्टी लावा. वाकून तिरके पाहिले की एक दात चुकलेला बरोबर वाटतो आणि बरोबर असलेला चुकलेला वाटतो.

साखळीची एक बाजू ओढणारी आणि दुसरी सैल. ओढणारी बाजू ताठ ठेवूनच खुणा जुळवायच्या. ढील ओढणाऱ्या बाजूला राहिली, तर खुणा उभ्या इंजिनात जुळलेल्या दिसतात आणि पहिला फेरा घेताच सरकतात. म्हणून नियम असा, की साखळी बसवली, टेन्शनर लावला, मग हाताने सुलट दिशेने पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि खुणा पुन्हा पाहायच्या. मध्येच अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका. व्हॉल्व पिस्टनला लागत असेल.

चाके एका सपाटीत आहेत की नाहीत हेही पाहावे. दोन्ही चाकांच्या तोंडावर सरळ पट्टी धरली की फट दिसते. या इंजिनात क्रँकच्या चाकामागे पातळ वॉशर घालून ती सपाटी मिळवतात. इंजिन खोलताना ते वॉशर काढून बाजूला ठेवले आणि जोडताना विसरले, की साखळी तिरपी चालते आणि तिच्या पट्ट्या घासतात. चंद्रकोरीच्या आकाराची चावी आपल्या खाचेत पूर्ण बसली नसेल तर चाकही पूर्ण आत जात नाही. पुढची तेल फेकणारी तबकडी ज्या तोंडाने निघाली त्याच तोंडाने बसवावी. झाकणाचे बोल्ट कसण्यापूर्वी पुली आत सरकवून सील मध्यावर आणावे, नाहीतर नव्या इंजिनातून पहिल्याच दिवशी तेल गळू लागते.

आता ज्या अडचणी खास ओव्हरहॉल केलेल्या इंजिनातच येतात त्या सांगतो.

एक, नवी साखळी आणि जुनी चाके. साखळी ताणली असे आपण म्हणतो, पण लोखंडाच्या पट्ट्या लांबत नाहीत. कड्यांच्या पिना आणि बुश झिजतात. समजा साखळीत ५२ कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर साखळी ५.२ मिलिमीटर लांब झाली. त्या लांब साखळीने चाकाचे दातही आपल्यासारखे घासून घेतलेले असतात. त्यावर नवी साखळी टाकली तर दोघांचे जमत नाही आणि नवीही लवकर झिजते. साखळी, दोन्ही चाके आणि टेन्शनर एकत्र बदलावे.

दोन, नवी साखळी टाकूनही ती सैल राहणे. मेन बेअरिंगच्या घरांचे लाइन बोअरिंग झाले असेल तर क्रँक किंचित वर, कॅमच्या दिशेने सरकू शकतो. दोन दंडांमधले अंतर कमी झाले की साखळीला ढील येते. हा दोष साखळीच्या दुकानदाराचा नव्हे. ब्लॉकवर कोणते काम झाले, किती कापले, हे लेथवाल्याकडून लिहूनच घ्यावे.

तीन, दुसऱ्याच मॉडेलचा किंवा हलक्या प्रतीचा माल. जुन्या साखळीच्या कड्या मोजा, नवीच्या मोजा. जुन्या चाकाचे दात मोजा, नव्याचे मोजा. चावीची खाच आणि खूण यांच्यामध्ये किती दात आहेत तेही मोजून जुन्याशी ताडून पाहा. खूण छापणाऱ्याचा हातही चुकू शकतो, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. जुने भाग भंगारात टाकण्याची घाई करू नये. नवे इंजिन चालू लागेपर्यंत तेच आपले साक्षीदार आहेत.

आपण म्हणाल, अँबॅसिडर आता किती राहिल्या? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी तर मुंबईच्या टॅक्सीतूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. खरे आहे. पण साखळी गेली नाही. मारुती ८०० मध्ये रबरी पट्टा होता, तर मारुतीच्या नंतरच्या के-सीरिज इंजिनांत पुन्हा साखळी आली. रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी बनलेले १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनही साखळीचेच. मारुतीने २०२० साली डिझेल गाड्या थांबवल्या, तरी त्या इंजिनाच्या जुन्या गाड्या आपल्या जिल्ह्यात अजून धावत आहेत आणि ओव्हरहॉलला येत आहेत.

या नव्या इंजिनांत कॅम वर हेडमध्ये असतो, साखळी लांब असते आणि टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. म्हणून अडचणी थोड्या वेगळ्या. टेन्शनरला दाबून धरणारी पिन बसवल्यानंतर काढायची राहिली, किंवा सिलिकॉन जास्त लावल्याने त्याचे तेलाचे छिद्र बुजले, तर साखळी खडखडते आणि दात चुकवते. हेड प्लेन केले की कॅम खाली येतो आणि टायमिंग किंचित मागे पडते. हा फरक अंशाच्या भागातला असतो, पण एक दात चुकण्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. काही इंजिनांत चाक आणि दंड यांच्यामध्ये चावीच नसते. बोल्टच्या आवळणीवरच चाक धरलेले असते. तेथे पुस्तकात दिलेला टॉर्क आणि दंड जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना यांना पर्याय नाही. जुनी इंजिने पुष्कळदा एक दात माफ करत. यांतली बरीच माफ करत नाहीत. व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात आणि ओव्हरहॉलचा सारा खर्च पुन्हा करावा लागतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो.

पुष्कळ साखळ्यांत ठराविक कड्यांना वेगळा रंग दिलेला असतो. त्या कड्या चाकांवरच्या खुणांशी जुळवून साखळी चढवायची. शिकाऊ मुलगा तशी ती चढवतो, सांगितल्याप्रमाणे दोन फेरे देतो, आणि पाहतो तर चाकांच्या खुणा जागेवर, पण रंगीत कड्या भलत्याच ठिकाणी! तो घाबरतो. बरोबर झालेले काम पुन्हा खोलतो, आणि या उघडझापीतच एखादा दात चुकतो.

हे कोडे पान्याने सुटत नाही. ते शाळेच्या पुस्तकात सुटलेले आहे. मघाचीच चाके घ्या, २० आणि ४० दातांची, आणि साखळी ५२ कड्यांची. क्रँकच्या दोन फेऱ्यांत साखळी ४० कड्या पुढे जाते. रंगीत कडी आपल्या खुणेवर परत यायला ४० आणि ५२ यांचा लसावि काढला पाहिजे. तो ५२०. म्हणजे ५२० कड्या पुढे गेल्यावर, क्रँकच्या २६ फेऱ्यांनंतर, रंगीत कड्या पुन्हा खुणांवर येतील. दोन फेऱ्यांनंतर त्या तेथे नसणे हा दोष नव्हेच. ज्याला लसावि समजला तो शांतपणे झाकण लावतो. ज्याला समजला नाही तो रात्रभर साखळी काढत-घालत बसतो.

विद्यार्थी मित्रांनो, "गणिताचा पुढे उपयोग काय?" असे आपण विचारता. आज एकाच साखळीत आपण कोन पाहिला, गुणोत्तर पाहिले, परिघ पाहिला, दशांश अपूर्णांक पाहिला आणि लसावि पाहिला. गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते, तेव्हा तो तासही वाया गेला नाही.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. "पोरगा अभ्यासात मंद आहे, गॅरेजला टाकून देऊ," हे वाक्य आपल्या वस्तीत फार ऐकू येते. त्यात दोन अन्याय आहेत. एक मुलावर आणि दुसरा धंद्यावर. गॅरेज ही मंद मुलांना टाकून देण्याची जागा नव्हे. तेथे बुद्धी लागते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहा. सातवीतून काढलेला मुलगा साखळी चढवायला शिकेल, पण ती का चुकली हे शोधायला त्याला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागेल. आणि मोबदला चढवण्याचा थोडा मिळतो, शोधण्याचा जास्त.

मुलाला दहावीपर्यंत शाळेत ठेवा. त्यानंतर त्याचा ओढा यंत्राकडे असेल तर त्याला अडवूही नका. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतनावर शिकण्याची सोय आहे. आणि मग घरच्या उस्तादाजवळ बसू द्या. उस्तादाच्या हातात जे आहे ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. जे तरुण आधीच गॅरेजात आहेत त्यांनीही निराश होऊ नये. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना त्यांच्यासाठी निघालेली आहे. आणि मुलीला यंत्रांची आवड असेल तर हे दार तिलाही उघडे आहे. पट्टी लावून दोन खुणा एका रेषेत आणायला मुलगा असावे लागत नाही.

उस्तादांनाही एक शब्द. आपल्याजवळ शिकणाऱ्या मुलाने "असे का?" म्हणून विचारले तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या हातात एक वही द्या. दात किती, कड्या किती, फट किती, कोणत्या गाडीला काय केले, हे त्याला लिहू द्या. पाच वर्षांनी ती वही गॅरेजची दौलत होईल.

माझे सांगणे थोडक्यात इतकेच. खूण जरूर पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. मोजा. मोजल्यावर दोन फेरे देऊन पुन्हा पाहा. झाकण लावण्याआधी घेतलेली खात्री फुकटची असते. झाकण लावल्यानंतरची फार महाग पडते. शाळा आणि गॅरेज ही आपल्या मुलांच्या आयुष्यातली दोन चाके आहेत. त्यांच्यामधली साखळी तुटू न देणे, हे आपण पालकांचे काम आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.